जजसाहेबांना नांदवायचं का?

माझ्या सासूबाईंना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि त्या रोज दुपारी मेलबॉक्सपर्यंत जायला लागल्या. आमच्या वाळवंटातल्या चँडलर गावच्या उन्हाळ्यात दुपारी मेलबॉक्सपर्यंत जाणं म्हणजे तापल्या तव्यावरून चालणं. पण त्या डोक्यावर ओला टॉवेल घेऊन जायच्या आणि पिझ्झाच्या जाहिराती घेऊन परत यायच्या. "माझं मत अजून आलं नाही," असं मला सांगायच्या. मत द्यायचं असतं, ते येत नसतं, हे मी त्यांना समजावून पाहिलं आणि नाद सोडला. ऑक्टोबरात एक जाडजूड पाकीट आलं. त्यात त्यांची मतपत्रिका होती. म्हणजे मत आलं होतं आणि मी पुन्हा एकदा चुकीची ठरले होते.

सासूबाई मूळच्या सांगलीच्या. हाडाच्या शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोयरिकी जुळवण्याचं काम अंगावर घेतलं आणि अर्ध्या गावाची लग्नं त्यांच्या एका 'हो'साठी किंवा 'नाही'साठी अडून राहायला लागली. मुलगी बघायला जाताना लोक मुलाच्या आईला न्यायला विसरतील, पण यांना विसरायचे नाहीत. सासरे गेले, तिथं एकट्या कशा राहणार म्हणून त्या आमच्याकडे आल्या, आणि इथं त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. आम्ही त्यांना वाईट वागवत होतो असं अजिबात नाही. त्यांचा डॉक्टर आम्ही ठरवला, खोलीचा रंग आम्ही ठरवला, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का तेही आम्हीच ठरवलं. त्यांना आम्ही विचारायचो ते एवढंच, की चहा घेणार का.

त्यांची मोठी निळी बॅग खोलीच्या दारामागे उभी असायची. आल्यापासून ती त्यांनी पुरती रिकामी केलीच नव्हती. नागरिकत्वाचा शपथविधी झाला त्या दिवशी मी सहज म्हटलं की आता ही गराजमध्ये ठेवू या. तर म्हणाल्या, "राहू दे. दुसऱ्याच्या घरी कधी काय होईल सांगता येत नाही." दुसऱ्याच्या घरी! माझा स्वभाव मुळात तापट. मी दार जरा जोरात लावलं.

तर अशा बाईच्या हातात सरकारने आपणहून एक कागद दिला होता आणि त्यावर 'हो की नाही' असं छापलेलं होतं. त्या सांगलीहून आल्यापासून त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला पाहिला नव्हता.

मतपत्रिका हातभर लांब आणि दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली. पुढची बाजू त्यांनी, तळाची एक-दोन अनोळखी नावं सोडून, सकाळच्या चहाबरोबर संपवली. तिथली माणसं टीव्हीवर रोज भांडतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. खुणा करताना कागद हाताच्या ओंजळीत असा झाकला की परीक्षेत हुशार मुलंसुद्धा झाकणार नाहीत. मग पान उलटलं आणि त्या थबकल्या. मागच्या बाजूला न्यायाधीशांची नावं होती. एकाखाली एक, लांबच लांब. प्रत्येक नावापुढे दोनच गोल. 'हो' आणि 'नाही'.

"यांच्या विरोधात कोण उभं आहे?" त्यांनी विचारलं.

कोणी नाही, असं मी सांगितलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगून टाकलं. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मोठ्या कोर्टाचे जज राज्याचा गव्हर्नर, म्हणजे इथला मुख्यमंत्रीच, नेमतो. पण नेमला म्हणजे कायमचा झाला असं नाही. दर काही वर्षांनी लोकांना विचारतात, की याला खुर्चीवर ठेवायचं की घरी पाठवायचं. 'नाही' जास्त पडली की जज घरी, आणि मग गव्हर्नर दुसरा शोधणार.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, म्हणजे लग्न आधीच झालंय. आता फक्त नांदवायचं का एवढं विचारतायत.

मी इतकी वर्षं इथं मत देते, पण मला हे कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

त्यांच्या नातीला, म्हणजे आमच्या लेकीला, मी व्हिडिओ कॉल लावला. ती दुसऱ्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकते, तेव्हा आजीला नीट समजावील असा माझा हिशेब. ती दात घासत होती. "आजी, जस्ट स्किप द जजेस. एव्हरीबडी डज," ती म्हणाली आणि चूळ भरायला गेली. सासूबाईंनी फोनकडे असं पाहिलं, जणू त्यातून वास येत होता. सगळे सोडून देतात म्हणून आपणही सोडायचं, ही शिकवण त्यांनी सांगलीत कोणाला दिली नव्हती. आणि एखाद्याला घरी पाठवायचं की नांदवायचं हे त्याचं तोंड न बघता ठरवायचं, हे तर त्यांना पापच वाटत होतं.

मतपत्रिकेबरोबर एक पुस्तिका आली होती. तिच्यात प्रत्येक जजचा अहवाल होता, की कायदा येतो का, वागणूक कशी, वेळेवर येतात का. सासूबाईंनी ती लाल पेन घेऊन वाचली. जवळजवळ सगळेच जज पास झाले होते. "असा वर्ग मी जन्मात पाहिला नाही," एवढंच बोलून त्यांनी ती बाजूला ठेवली. आपण स्वतः जाऊन बघू या, असं त्यांनी जाहीर केलं.

आपण म्हणजे मी. माझा नवरा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात जातो आणि मी घरून काम करते. घरून काम म्हणजे काम नव्हे, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. मी कुरकुर केली, थोडी भांडलेही, पण कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, कोणीही जाऊन मागे बसू शकतं, हे मीच बोलून बसले होते. शिवाय मला एकदा सिग्नल तोडल्याबद्दल शहराच्या कोर्टात जावं लागलं होतं. तिथलं पार्किंग माहीत होतं. म्हणून आम्ही पाहण्याचा कार्यक्रम तिथून सुरू केला.

दारातच घोटाळा झाला. सासूबाईंची पर्स मशीनमधून गेली आणि पोलिसाने पट्टा थांबवला. मग दुसऱ्या पोलिसाला बोलावलं. दोघांनी हातमोजे घालून पर्समधून त्यांचा पितळी अडकित्ता बाहेर काढला आणि उलटासुलटा करून पाहिला. हे कशासाठी, असं त्यांनी मला विचारलं. जेवणानंतरच्या सुपारीसाठी, असं मी सांगितलं. त्यावर आणखी प्रश्न आले. शेवटी सासूबाईंनी पर्समधली एक अख्खी सुपारी काढली आणि फोडून दाखवते म्हणून हात पुढे केला, तेव्हा दोघे पोलीस एक पाऊल मागे सरले. अडकित्ता गाडीत ठेवून यायला मला पुन्हा पार्किंगपर्यंत जावं लागलं.

आतला जज मात्र सासूबाईंच्या मनात भरला. एकामागून एक लोक येत होते. कोणी वेगात गाडी चालवलेली, कोणाचा कुत्रा पट्ट्याविना फिरलेला. जज प्रत्येकाचं ऐकून घेत होता, प्रत्येकाला दोन शब्द सुनावत होता आणि एकालाही 'पुढच्या तारखेला या' म्हणत नव्हता. सासूबाई दोन तास ताठ बसल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, उत्तम मुलगा आहे, डोळे झाकून हो.

घरी येऊन मतपत्रिका उघडली, तर त्यात त्याचं नावच नाही. पुन्हा लेकीला फोन. यावेळी तिने आधी पोटभर हसून घेतलं. शहराचं कोर्ट शहरापुरतंच असतं, तिथला जज शहराची कौन्सिल नेमते, लोकांना त्यात विचारत नाहीत, असं तिने सांगितलं.

"म्हणजे घरजावई," सासूबाई म्हणाल्या आणि तो विषय संपला.

दुसऱ्या खेपेला आम्ही नीट माहिती काढून गेलो. आमच्या भागाचं जस्टिस कोर्ट. इथं लहानसहान पैशांचे दावे, भाडेकरूंना बाहेर काढण्याची प्रकरणं असलं सगळं चालतं. आणि इथला जज खरोखरचा निवडून येतो, समोर दुसरा उमेदवार असतो, पक्ष असतो, रस्त्यावर नावाच्या पाट्या असतात. शिवाय तो वकील असायलाच हवा असंही नाही. आमचे जजसाहेब आधी लोकांच्या घरामागे पोहण्याचे तलाव बांधून द्यायचे. हे कळल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं. पण मग म्हणाल्या, इथं तरी दोन स्थळं आहेत, हे बरं.

त्या दिवशी एका बाईने कुत्र्यांच्या न्हाव्यावर दावा लावलेला होता. त्याने तिच्या पूडलचे केस मागितल्यापेक्षा फार बारीक कापले होते. या असल्या दाव्यात वकील नसतात, दोघांनी आपापलं तोंडानं सांगायचं. बाईने आधीचा फोटो दाखवला, नंतरचा दाखवला आणि मग रडायला लागली. न्हावी म्हणाला की त्या केसांत इतक्या गाठी होत्या की कंगवा मोडला. आणि त्याने मोडका कंगवा खरोखरच टेबलावर ठेवला. जजसाहेबांनी कंगवा हातात घेऊन उजेडात धरला. ते इतकं गंभीरपणे चाललं होतं की मला हसू आवरेना. मी ओढणी तोंडात कोंबली. सासूबाई मात्र पुढे वाकून ऐकत होत्या आणि शेवटी मला हळूच म्हणाल्या, केस वाढतात, पण माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. जजसाहेबांनीही साधारण तसाच निकाल दिला.

मग कोर्ट रिकामं झालं. आम्ही उठणार एवढ्यात एक मुलगा आणि एक मुलगी आत आली. त्याच्या हातात हॅट, तिच्या पायात बूट आणि अंगात पांढरा फ्रॉक. बरोबर कोणी नाही. जस्टिस कोर्टाचे जज लग्नंही लावतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कारकूनबाईंनी त्यांना साक्षीदार कुठे आहेत असं विचारलं. मुलाचं तोंड उतरलं. साक्षीदार दोन लागतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कारकूनबाईंनी कोर्टभर नजर फिरवली. कोर्टभर म्हणजे आम्ही दोघीच.

मी मान हलवेपर्यंत सासूबाई कठड्याजवळ पोचल्या होत्या. लग्न म्हटल्यावर त्यांना थांबवणं सांगलीत कोणाला जमलं नव्हतं, चँडलरमध्ये काय जमणार. त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मुलीला पाहिलं. मला विचारायला सांगितलं की दोघांच्या घरी हे माहीत आहे का. मी विचारलं नाही. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दोघांच्या मधे धरायला लावलं. एसीच्या थंडीसाठी आणलेल्या शालीचा त्यांनी अंतरपाट केला.

जजसाहेब पुस्तक उघडून थांबले होते. हे काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. आमच्याकडे लग्न लागेपर्यंत मुलगा-मुलीने एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं, असं मी सांगितलं. हे सांगताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, कारण ती दोघं हातात हात घालून आली होती आणि एकाच च्युइंगगमच्या पाकिटातलं खात होती. जजसाहेबांनी विचार केला. शालीला कायद्याची हरकत दिसत नाही, असं म्हणाले. त्यांनी शालीच्या वरून मुलाला एक प्रश्न विचारला, मुलीला एक विचारला. दोघांनी हो म्हटलं. त्याबरोबर सासूबाईंनी शाल खाली ओढली, खणखणीत आवाजात 'सावधान' म्हटलं आणि पर्समधल्या डबीतली बडीशेप मूठ भरून त्यांच्यावर उधळली. अक्षता जवळ नव्हत्या, त्याला काय करणार. थोडी जजसाहेबांच्या बाहीवरही पडली. त्यांनी ती झटकली नाही, उचलून तोंडात टाकली. सासूबाईंचं मत त्या क्षणी पक्कं झालं असणार, पण मतदान गुप्त असतं म्हणून त्यांनी मला ते आजतागायत सांगितलेलं नाही.

मग साक्षीदारांच्या सह्या. माझ्या नवऱ्याने आईला नागरिकत्वाच्या वेळी इंग्रजी सही शिकवली होती. इथं मराठी सही चालत नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं होतं. ओट्याशी बसवून महिनाभर गिरवून घेतली होती. ती सही करताना सासूबाईंची जीभ बाहेर यायची. त्यांनी पेन घेतलं आणि कारकूनबाईंना माझ्यामार्फत विचारलं, की मराठीत केली तर चालेल का. त्या म्हणाल्या, तुमची सही म्हणजे तुमची सही, हवी तशी करा. सासूबाईंनी शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर जन्मभर केली तशी, खाली लांब शेपूट ओढून, मराठीत सही केली. आपल्या लेकाला काही कळत नाही, हे सरकारी माणसाच्या तोंडून ऐकल्याचा आनंद त्यांना घरी येईपर्यंत पुरला.

सुपीरिअर कोर्टात, म्हणजे त्या मोठ्या कोर्टात, आम्ही तीन-चारदा गेलो, कारण 'हो-नाही'ची लांबलचक यादी मुख्यतः तिथलीच होती. मोठे गुन्हे, घटस्फोट, मृत्युपत्रं, मुलांचा ताबा, सगळं तिथं. एका खोलीत घटस्फोट घेणारं जोडपं अंगणातल्या मांस भाजायच्या मोठ्या शेगडीवरून भांडत होतं. घर वाटून झालं होतं, गाड्या वाटून झाल्या होत्या, शेगडी राहिली होती. जजबाईंनी अर्धा तास शांतपणे ऐकलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, की शनिवारी मुलं ज्याच्याकडे असतात त्याच्याकडे शेगडी ठेवू या का. दोघांनीही माना डोलावल्या. सासूबाईंनी मला कोपर मारलं. दुसऱ्या एका खोलीत मात्र एक म्हातारा गृहस्थ अडखळत काहीतरी सांगत होता आणि जजसाहेब पूर्ण वेळ दुसरंच काहीतरी वाचत होते. वर पाहिलं नाही, एकदाही नाही. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी त्या जजच्या नावापुढचा 'नाही'चा गोल घरी आल्यावर इतका जोरात काळा केला की मागून दिसत होता. जे बघायला मिळाले नाहीत त्यांच्यापुढे त्यांनी काहीच खूण केली नाही. न पाहिलेल्याला नाही म्हणणं त्यांना पटत नव्हतं आणि हो म्हणणं त्याहून पटत नव्हतं.

राहता राहिली वरची कोर्टं. अपील कोर्ट आणि राज्याचं सर्वोच्च न्यायालय. त्यांचं कामकाज घरबसल्या स्क्रीनवर दिसतं, म्हणून पेट्रोलपुरती तरी माझी सुटका झाली. तिथं ना साक्षीदार, ना रडारड, ना मोडका कंगवा. फक्त वकील बोलतात आणि जज मधेच तोडतात. सासूबाई कंटाळल्या. हे भांडतायत कशाबद्दल, हेच त्यांना कळेना. लेकीने शनिवारी घरी आल्यावर समजावलं, की आजी, इथे भांडण पुन्हा नव्याने ऐकत नाहीत. खालच्या कोर्टाने काही चूक केली का तेवढंच बघतात. आणि यांची मुदतही जास्त असते. खालच्यांना चार वर्षांनी लोकांपुढे यावं लागतं, यांना सहा.

सासूबाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. म्हणजे स्वयंपाक करायचा सुनेनं, म्हणाल्या, आणि यांनी फक्त मीठ कमी पडलं का ते बघायचं. हे काम त्यांना चांगलंच परिचयाचं होतं. त्यानंतर त्यांनी अपील कोर्टाचं कामकाज कौतुकाने पाहिलं. मी बाजूला पोळ्या लाटत होते, मीठ घालूनच.

या सगळ्यात टपालाने मतपत्रिका पाठवायची मुदत कधीच उलटून गेली. मतदानाच्या शेवटच्या दिवशी, नवरा घड्याळ दाखवत असताना, त्यांनी काठापदराची साडी नेसली. पाकिटावर सही केली आणि जीभ लावून ते बंद केलं. मतपेटी आमच्या लायब्ररीत होती. पाकीट आत सरकवल्यावर त्यांनी पेटीला हात लावून नमस्कार केला. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाटलं तशी पद्धत असावी. त्यानेही हात लावला.

दोन दिवसांनी जेवताना सासूबाई खुशीत सांगायला लागल्या, की आज त्यांनी एका भामट्याला कसा पळवून लावला. अनोळखी नंबरवरून कोणी सरकारच्या नावाने फोन केला तर सरळ ठेवून द्यायचा, हे त्यांच्या लेकाने त्यांना इतकं घोकून घेतलं होतं की त्या झोपेतही म्हणतील. सकाळी एकाने फोन केला, मी निवडणूक कार्यालयातून बोलतोय म्हणाला. यांनी ठेवला. दुपारी पुन्हा केला. तेव्हा यांनी त्याला लाज वाटते का असं मराठीत विचारलं आणि मग ठेवला.

"काय म्हणत होता?" नवऱ्याने हसत विचारलं.

"म्हणे तुमची सही जुळत नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने मतदार नोंदणीच्या वेळी आईकडून कोणती सही करून घेतली होती ते त्याला आठवलं, मला कोर्टातली शेपूटवाली सही आठवली आणि आम्ही दोघांनी एकदम सासूबाईंकडे पाहिलं. पाकिटावर मराठीत केली का, असं मी विचारलं. अर्थात, म्हणाल्या. सरकारी बाईंनीच सांगितलं होतं ना, हवी तशी करा म्हणून.

मग त्यांना सांगावं लागलं. तो भामटा नव्हता. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. जुळली नाही तर फोन करून विचारतात, आणि माणसाने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर ते मत मोजत नाहीत. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी ताट पुढे सारलं. इतका वेळ त्यांची चेष्टा करण्यात मला मजा आली होती, पण तो चेहरा मला बघवेना. इतक्या वर्षांत एकदा कोणीतरी त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी दिलेलं उत्तर पाकिटातच राहणार होतं.

"म्हणजे माझं मत धरलंच नाही," त्या म्हणाल्या.

नवरा फोन घेऊन धावला. कार्यालय बंद झालं होतं. मुदत अजून आहे, एवढं त्याने शोधून काढलं. सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या मी तोच नंबर लावला आणि मीच बोलायला लागले, पण पलीकडचा तरुण म्हणाला की मतदार बाईंनी स्वतः बोलायला हवं. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्या उभ्या राहिल्या. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर राहत असतील तशा. त्याने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. सगळं त्यांनी इंग्रजीत सांगितलं, तारीख मात्र दोनदा, चुकू नये म्हणून. मग त्याने विचारलं की पाकिटावरची सही तुमचीच का.

"येस. माइन," सासूबाई म्हणाल्या. "दॅट अदर वन इज माय सन्स."

"मुलाची?" असं पलीकडच्या तरुणाने विचारलं. मुलाने आईच्या नावाने सही केली, असा त्याचा अर्थ झाला तर आम्ही सगळेच त्या शेगडीवाल्या जजबाईंपुढे उभे राहणार. मी हातवारे केले. सासूबाईंनी मला गप्प बसण्याची खूण केली आणि सावकाश, शब्द निवडून त्याला समजावलं, की हात माझाच होता, पण सही मुलाने शिकवलेली होती, आणि ही माझी स्वतःची. तरुण हसला. माझी आजीही असंच करील, असं काहीतरी म्हणाला. सही पटली, मत मोजलं जाईल, असं त्याने सांगितलं. सासूबाईंनी त्याला थँक यू म्हटलं आणि कालच्या बोलण्याबद्दल तुझ्या आईला काही सांगू नकोस म्हणाल्या. ते मात्र मराठीत.

मी चहा टाकला. सुटकेच्या भरात आलं जरा जास्तच किसलं. सासूबाई टेबलाशी बसून खिडकीबाहेर बघत होत्या. चहाचा पहिला घोट घेतल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"तुला असा कागद आला असता तर?" त्यांनी विचारलं.

"कसला कागद?"

"माझं नाव. आणि पुढे हो नि नाही."

त्या चेष्टा करत नव्हत्या. दारामागची बॅग मला एकदम डोळ्यांपुढे दिसली. मला पटकन उत्तर द्यायची सवय आहे, पण त्यावेळी रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला. खोटं बोलले असते तर त्यांना लगेच कळलं असतं. मी म्हटलं की पहिल्या वर्षी आला असता तर मी 'नाही'चा गोल कागद फाटेपर्यंत काळा केला असता.

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते वाजवी वाटलं. म्हणाल्या, तुला बघून घरी गेल्यावर मीही नाहीच म्हटलं होतं, पण याच्या बाबांनी ऐकलं नाही. हे मला लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर कळत होतं.

"आणि आता?" त्यांनी विचारलं.

"आता हो," मी म्हटलं. "चार वर्षांनी पुन्हा बघू."

"चार नव्हे, सहा," सासूबाई म्हणाल्या. "मी वरच्या कोर्टातली." मग त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला, आलं जास्त झालंय असं सांगितलं, आणि संध्याकाळी तो आला की ती निळी बॅग गराजमध्ये ठेवायला सांग म्हणाल्या.